शेवटची मुदत : 30 दिवस

ड्रोन बनवणाऱ्या कंपनीच्या संचालकांना, आणि तो आम्हाला विकणाऱ्या वितरकाला.

आमच्याकडून आपल्याला येणारे हे शेवटचे पत्र आहे. यापुढे येईल ती नोटीस असेल. ती ग्राहक आयोगाकडून येईल.

आम्ही सुरतेचे. उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा. आमच्यातल्या बहुतेकांचे वडील किंवा आजोबा जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने आले, उधन्याला उतरले आणि मागावर उभे राहिले. आमच्या पिढीने कॅमेरा हाती घेतला. मग ड्रोन घेतला. कोणी लग्नाचे शूटिंग करतो. कोणी नव्या इमारतींच्या बांधकामाचे फोटो काढतो. कोणी बारडोली, कामरेजच्या शिवारात उसावर औषध फवारतो.

आपण आम्हाला ओळखता. पैसे मोजून घेतले तेव्हा नावानिशी ओळखत होता.

पत्र मराठीत आहे. ड्रोन विकायला आलेला आपला माणूस आमच्याशी मराठीतच बोलला होता.

आता मुद्द्यावर येतो.

फर्मवेअर आपण लिहिता. ते कधी बदलायचे, हे आपण ठरवता. ड्रोन आमच्या घरात असतो. बिल आमच्या नावावर, नोंदणी आमच्या नावावर, कर्जाचा हप्ता आमच्या खात्यातून. तरी तो सकाळी उडणार की नाही, हे आपल्या सर्व्हरवर ठरते.

एवढा अधिकार आपण स्वतःकडे ठेवला. त्याची जबाबदारी मात्र आमच्यावर टाकली.

लगीनसराईच्या तोंडावर आपले अपडेट आले. आधी पडद्यावर 'नंतर करा' असा पर्याय होता. काही दिवसांनी तो गेला. अपडेट केल्याशिवाय मोटर फिरेना. आम्ही ते केले.

त्यानंतर एकाचा गिंबल सरळ राहीना. दुसऱ्याची बॅटरी आदल्या दिवसापर्यंत चालत होती. ड्रोनने ती ओळखायलाच नकार दिला. तिसऱ्याचा रिमोट जोडला जाईना.

जुने फर्मवेअर परत टाकावे म्हटले, तर ती वाट आपण आधीच बंद करून ठेवली होती.

डिंडोलीतल्या आमच्या एका सहकाऱ्याने त्या आठवड्यात एका वरातीचे काम घेतले होते. बयाणा घेतला होता. जागा विमानतळापासून किती अंतरावर आहे, हे त्याने आधी नकाशावर तपासले होते. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय 200 फुटांच्या वर जायचे नाही, हा नियम त्याला पाठ आहे. बॅटऱ्या भरल्या होत्या. पाती नवी होती.

नवरदेव घोड्यावर बसला. बँड सुरू झाला. ड्रोन जमिनीवरच राहिला. पडद्यावर एरर होता आणि त्या एररचा अर्थ आपल्या पुस्तिकेत नव्हता.

त्याने बयाणा परत केला. मुलीच्या वडिलांची माफी मागितली. ती वरात पुन्हा निघणार नव्हती.

फवारणी करणाऱ्यांचे नुकसान याहून मोठे आहे. ऊस डोक्यावर गेला की पाठीवर पंप घेऊन माणूस आत शिरू शकत नाही. पाने अंग कापतात, औषध स्वतःच्याच तोंडावर येते. म्हणून तर 10 लिटरच्या टाकीचा ड्रोन घ्यायचा. अपडेटनंतर पिकापासूनची उंची मोजणारा सेन्सर चुकू लागला. ड्रोन उसाच्या शेंड्यांत उतरला. पाती तुटली, ड्रोनचा एक हात मोडला, औषध एकाच जागी सांडले. पाळीची फवारणी चुकली. शेतकऱ्याने दुसरा माणूस बोलावला. हप्ता मात्र त्याच तारखेला गेला.

आम्ही आरडाओरडा केला नाही.

फोन केले. तक्रार क्रमांक मिळाला. मग दुसरा क्रमांक मिळाला. पहिल्या क्रमांकाचे काय झाले, असे विचारल्यावर तो बंद केल्याचे कळले. कोणी बंद केला, का केला, याचे उत्तर मिळाले नाही.

ई-मेल लिहिले. एकाच मजकुराचे उत्तर आम्हा सगळ्यांना आले. नाव तेवढे बदललेले.

सुरतेत सर्व्हिस सेंटर नाही. विकताना 'लवकरच होईल' असे सांगितले होते. ड्रोन दुसऱ्या राज्यात पाठवावा लागला. खर्च आमचा. लिथियमची बॅटरी कुरिअरवाले सहजासहजी घेत नाहीत. ती रस्त्याने पाठवावी लागते, आणि त्यात दिवस जातात. आम्ही तेही केले. आपण सांगितलेल्या पद्धतीने पॅक केले, आपण मागितलेले व्हिडिओ काढले, आपला फॉर्म दोनदा भरला.

उत्तर आले : चूक चालवणाऱ्याची. वॉरंटीत बसत नाही.

हा निर्णय कशाच्या आधारे केला? उड्डाणाच्या लॉगच्या आधारे. लॉग कुठे आहे? आपल्याकडे. आम्हाला दाखवाल का? नाही.

लॉग म्हणजे आमच्याच उड्डाणाची नोंद. प्रत्येक सेकंदाला ड्रोन किती उंचीवर होता, वारा किती होता, रिमोटची काडी कोणत्या बाजूला होती, मोटरला किती वीज गेली, हे सगळे त्यात असते. चूक कोणाची, हे त्यावरून कोणताही जाणकार सांगू शकेल. आपण तो कुलूपबंद ठेवता. तपास आपला, पुरावा आपल्या ताब्यात, निकाल आपला, आणि निकालाचा खर्च आमचा.

असा निकाल आम्ही मान्य केलेला नाही. करणार नाही.

आणखी एक गोष्ट. ती आपल्याला किरकोळ वाटली असेल. आमच्यातल्या काहींना दुरुस्तीऐवजी दुसराच ड्रोन परत आला. काहींच्या ड्रोनमधला उड्डाण नियंत्रक बदलला गेला. त्यासोबत नव्या अनुक्रमांकाचा एक कागदही आला नाही.

ड्रोन नियम 2021 आपल्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असायला हवेत. ड्रोनचा नोंदणी क्रमांक त्याच्या अनुक्रमांकाशी, उड्डाण नियंत्रकाच्या आणि रिमोटच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. यांतला भाग बदलला की सात दिवसांत सरकारी प्लॅटफॉर्मवर नोंद बदलावी लागते. आपण कागद दिला नाही, तर ती नोंद बदलायची कशी? पोलिसाने रस्त्यात अडवले, तर कागदावर एक ड्रोन आणि हातात दुसरा. नियम मोडल्याचा दंड 1 लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तो आपल्याला होणार नाही. आम्हाला होईल.

कायदा पाळणाऱ्या माणसाला आपण कायद्याच्या कचाट्यात उभे केले. हे आम्ही विसरणार नाही.

सुटे भाग का मिळत नाहीत, असे विचारले तर आयातबंदीकडे बोट दाखवले जाते. म्हणून सांगतो. परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी 9 फेब्रुवारी 2022 रोजी आली, हे खरे. त्याच अधिसूचनेत ड्रोनच्या सुट्या भागांच्या आयातीला मंजुरी लागणार नाही, असेही लिहिले आहे. अधिसूचना आम्ही वाचली आहे. हे कारण पुन्हा देऊ नये.

'सॉफ्टवेअरमध्ये असे होतच असते', असेही आम्हाला ऐकवले गेले.

होते. इतरांच्या बाबतीतही झाले आहे. जानेवारी 2020 मध्ये गोप्रो कंपनीचे कर्मा ड्रोन जगभर एकाच वेळी जमिनीवर बसले. उपग्रहांकडून येणाऱ्या वेळेचा हिशेब चुकला होता. त्या कंपनीने ड्रोनचा धंदा सोडत असल्याचे दोन वर्षे आधीच, 2018 मध्ये, जाहीर केले होते. तरी तिने नवे फर्मवेअर तयार करून दिले आणि ते ड्रोन पुन्हा उडाले. धंदा सोडलेल्या कंपनीला जे जमले, ते धंदा करणाऱ्या कंपनीला जमत नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

दूरवरून काही करता येत नाही, असेही म्हणू नये. 2017 साली डीजेआय कंपनीने आपल्या स्पार्क ड्रोनच्या मालकांना 1 सप्टेंबरची तारीख दिली होती. तोवर अपडेट केले नाही तर ड्रोन उडणार नाही, असे सांगितले होते. कंपनीला हवे असेल तेव्हा तिचा हात प्रत्येक ड्रोनपर्यंत पोचतो. तो दुरुस्तीसाठीही पोचला पाहिजे.

आपले वकील पहिला आक्षेप कोणता घेतील, ते आम्हाला माहीत आहे. हे धंदेवाईक आहेत, ग्राहक नाहीत.

उत्तर आत्ताच घ्या. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून, स्वयंरोजगारासाठी वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसे स्पष्टीकरण आहे. 1986 च्या कायद्याच्या काळातही हीच भूमिका होती. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने रिक्षा विकत घेऊन स्वतः चालवणाऱ्याचे उदाहरण दिले. तो ग्राहकच. आमच्यातला प्रत्येक जण आपला ड्रोन स्वतः उडवतो. त्यावर त्याचे घर चालते.

तक्रार कुठे करायची, तेही नव्या कायद्याने आमच्यावर सोडले आहे. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात ती करता येते. आपले मुख्यालय कोणत्याही शहरात असो. खटला सुरतेत चालेल.

सारख्याच तक्रारीचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. आमची तशीच असेल. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क लागत नाही. फवारणीच्या महागड्या ड्रोनला लागेल ते आम्ही भरू. नोटीस मिळाल्यावर उत्तर द्यायला आपल्याला 30 दिवस असतील, फार तर आणखी 15. त्यापुढे एक दिवसही नाही. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पक्के केले आहे. आमच्या ई-मेलला आपण जितका वेळ लावलात, तितका तिथे मिळणार नाही.

आयोगाचा आदेश पाळला नाही, तर कलम 72 आहे. एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा 25 हजार ते 1 लाख दंड, किंवा दोन्ही.

हे धमकावण्यासाठी लिहिलेले नाही. आपल्याला माहीत नव्हते, असे पुढे म्हणता येऊ नये, म्हणून लिहिले आहे.

आम्ही एकेकटे आहोत, असा आपला समज दिसतो. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर, वेगळा क्रमांक, एखाद्याला गुपचूप सवलत. ज्यांना सवलत देऊ केली, त्यांनी ती सगळ्यांसमोर मांडली. ते पत्रही आमच्या फाइलमध्ये आहे.

ग्राहकाने एकट्याने झुरू नये, एकत्र यावे, हे मराठी माणसाला नवे नाही. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदा नव्हता. तो बारा वर्षांनी आला. आमच्या हातात आज कायदा आहे.

आणि आम्ही ज्या जिल्ह्यात राहतो, त्या जिल्ह्याला वाट पाहणे आणि मग न हटणे, दोन्ही ठाऊक आहे. बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध आधी अर्ज केले. वल्लभभाई पटेलांनी आधी गव्हर्नरला पत्र लिहिले. दाद लागली नाही. 12 फेब्रुवारी 1928 रोजी सारा न भरण्याचा ठराव झाला. जमिनी आणि जनावरे जप्त झाली. ऑगस्टमध्ये सरकारला चौकशी मान्य करावी लागली, आणि त्या चौकशीने सरकारची वाढ टिकू दिली नाही. त्या शेतकऱ्यांपुढे साम्राज्य होते. त्यांच्याशी आम्ही बरोबरी करत नाही. त्याच शिवारांत आम्ही आज फवारणी करतो, एवढेच.

आता काय हवे, ते लिहितो. यात घासाघीस नाही.

अपडेटनंतर बंद पडलेला प्रत्येक ड्रोन 30 दिवसांत उडता करावा. दुरुस्त फर्मवेअर द्यावे. ते तयार नसेल तर जुने परत टाकू द्यावे. दोन्ही जमत नसेल तर ड्रोन परत घ्यावा आणि बिलावरची पूर्ण रक्कम द्यावी.

ड्रोन बंद होता तेवढे दिवस वॉरंटीत वाढवावेत. आपल्या टेबलावर पडून राहिलेले महिने आमच्या वॉरंटीतून कापता येणार नाहीत.

'चालवणाऱ्याची चूक' म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक प्रकरणाचा लॉग, वाचता येईल अशा स्वरूपात, मालकाला द्यावा. तो दिल्याशिवाय नाकारलेला प्रत्येक दावा पुन्हा उघडावा.

भाग किंवा ड्रोन बदलला असेल, तिथे नव्या अनुक्रमांकाचे सहीशिक्क्याचे पत्र सात दिवसांत द्यावे. याला 30 दिवस नाहीत. यात आपल्याला काही बनवायचे नाही, फक्त एक कागद छापायचा आहे.

आणि सुरतेत सर्व्हिस सेंटर. तारीख सांगून. ते होईपर्यंत ड्रोन नेण्या-आणण्याचा खर्च आपला.

दुरुस्तीचा प्रश्न फक्त आमचा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आहेत. फवारणीचा ड्रोन हे शेतीचे अवजार आहे. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांच्या महिलांना ड्रोनच्या खर्चावर 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये मदत देण्याचे ठरले. त्यासोबत देखभालीचा करारही पॅकेजमध्ये धरला आहे. देखभालीशिवाय ड्रोन निरुपयोगी, हे सरकारला कळले. नंदुरबार-धुळ्याच्या गावांत आमच्या बहिणी, भावजया बचत गटांत आहेत. कोणता ड्रोन घ्यावा, असे त्या आम्हाला विचारतात. आम्ही त्यांना खरे ते सांगू.

30 दिवसांत मागण्या पूर्ण झाल्या नाहीत, तर एकतिसाव्या दिवशी सुरतेच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. मसुदा तयार आहे. सह्या झाल्या आहेत. बिले, तक्रार क्रमांक, ई-मेल, पडद्यावरच्या एररचे व्हिडिओ तारखेनुसार लावलेले आहेत. कंपनी आणि वितरक, दोघेही प्रतिवादी असतील. एकमेकांकडे बोट दाखवण्याचे काम आयोगासमोर करावे.

त्याच दिवशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे अर्ज जाईल. बिघडवणारे अपडेट सक्तीने लादणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असे आमचे म्हणणे आहे. ती थांबवण्याचा आदेश देण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयालाही पत्र जाईल. न कळवता बदललेल्या उड्डाण नियंत्रकांची माहिती त्यात असेल.

त्या दिवसापासून आमच्यातला कोणीही आपला ड्रोन, बॅटरी, पाते विकत घेणार नाही. तुळशीच्या लग्नानंतर नवी सराई सुरू होते. त्याआधी सुरतेत आणि खानदेशात ड्रोनची खरेदी होते. या वेळी दुकानात जाण्याआधी लोक आम्हाला विचारतील.

आपले अपडेट आम्ही विश्वासाने टाकले होते. हेही लिहून ठेवतो. आपल्या ड्रोनवर आम्ही शिकलो. बक्षीस म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागतो, तरी मागायला उशीर केला तो त्या आपुलकीपोटी. ती आता शिल्लक नाही.

एक शब्द सुरतेतल्या आणि बाहेरच्या ड्रोनधारकांना. ज्यांचा ड्रोन अपडेटनंतर बिघडला, त्यांनी बिल जपून ठेवा. एररचा व्हिडिओ काढा, तारीख दिसेल असा. फोनवर बोलणे झाले तर तेच लगेच ई-मेलने लिहून पाठवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा आणि क्रमांक घ्या. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, ती जाऊ देऊ नका. एकट्याने तडजोड करू नका.

पत्राच्या दोन प्रती आहेत. एक कंपनीला, एक वितरकाला. दोन्ही आज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने रवाना झाल्या. पोचपावतीवर जी तारीख पडेल, तिथून 30 दिवस मोजले जातील.